धबधब्याचे फोटो: शटर स्पीड ठरवायचा पाणी पाहून

पावसाळा लागला की घाटमाथ्यावरच्या धबधब्यांचे फोटो सगळीकडे फिरू लागतात. त्यातल्या बऱ्याच फोटोंत कातळावरून नुसतं दूध ओतल्यासारखं दिसतं. पाण्याचा जोर, त्याच्या वेगवेगळ्या धारा, कड्यावर आपटून फुटणारं पाणी, सगळं एका पांढऱ्या पट्ट्यात पुसलं जातं. धबधब्याचं रूप त्याच्या धारांमध्ये असतं आणि फोटोत त्या टिकल्याच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नका.

पाच मिनिटं नुसतं पाहा

सह्याद्रीचा कातळ लाव्हाच्या थरांचा आहे. त्यामुळे बरेच धबधबे टप्प्याटप्प्याने उतरतात. वरच्या कड्यावरून पाणी सलग सुटतं, मधल्या एखाद्या पायरीवर आदळून फुटतं आणि तिथून खाली पातळ पडद्यासारखं पसरतं. पाणी कुठे सलग आहे, कुठे फुटतंय, वारा ते कुठल्या बाजूला ढकलतोय, हे आधी डोळ्यांनी टिपून घ्या. कड्याच्या काळ्या दगडावर पाणी जिथे वेगवेगळ्या धारांत उतरतं, बहुतेक वेळा तिथेच तुमचा फोटो असतो.

शटर स्पीड

शटर स्पीड म्हणजे फोटो घेताना शटर किती वेळ उघडं राहतं ते. जुलैमधला भरलेला, गढूळ प्रवाह असेल तर १/८ ते १/२ सेकंद पुरे. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की धारा एकमेकींत मिसळतात आणि पांढरा गोळा उरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी कमी होऊन बारीक धारा उरतात, तेव्हा १ ते २ सेकंद शोभतात. १/६० ते १/३० हा पट्टा शक्यतो टाळा. तिथे पाणी ना धड थांबलेलं दिसतं, ना धड वाहतं.

अंतराचं गणितही लक्षात घ्या. साताऱ्याजवळच्या ठोसेघरला आपण समोरच्या प्रेक्षागॅलरीतून, दरीपलीकडचा धबधबा पाहतो. वाइड लेन्सने अख्खी दरी फ्रेममध्ये घेतली तर एका क्षणात पाणी फ्रेममध्ये अगदी थोडंच सरकतं, म्हणून तिथे अर्ध्या सेकंदातही धारा दिसतात. त्याच जागेवरून २०० मिमीला झूम करून एकच टप्पा घेतला, तर अर्ध्या सेकंदात सगळं विरघळतं. तिथे १/८ पासून सुरुवात करा. डोहाशी जवळ उभे असाल तर १/१५ सुद्धा पुरतो.

नाणेघाटचा उलटा धबधबा मात्र वेगळा हिशोब मागतो. तिथे वारा पाणी वर फेकतो आणि खरी गंमत उधळलेल्या थेंबांत आहे. स्लो शटरने त्याचं नुसतं धुकं होतं. १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० पर्यंत न्यावा लागला तरी बिनधास्त न्या.

एवढा स्लो शटर मिळवायचा कसा

आयएसओ १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/८ ते एफ/११. त्यापुढे एफ/२२ पर्यंत गेलात तर शटर मिळेल, पण फोटोचा धारदारपणा जाईल. त्यापेक्षा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, लेन्सवर लावा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. हिशोब सोपा आहे: फिल्टरशिवाय १/६० येत असेल, तर तीन स्टॉपचा एनडी८ लावल्यावर जवळपास १/८ आणि सहा स्टॉपचा एनडी६४ लावल्यावर साधारण १ सेकंद. धबधब्यासाठी एकच घ्यायचा तर तीन स्टॉपचा घ्या.

पण त्याही आधी पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर, घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. ओल्या कातळावर आणि पानांवर आभाळाची पांढरी चमक असते. पोलरायझर हळूहळू फिरवत स्क्रीनकडे पाहा, एका जागी चमक उतरते आणि शेवाळाचा खरा हिरवा रंग वर येतो. शिवाय तो एक ते दोन स्टॉप प्रकाशही कमी करतो.

वेळ ढगाळ दिवसाची. ऊन असेल तर कोकणाकडे तोंड असलेले कडे सकाळी गाठा. ते पश्चिमेकडे पाहतात, त्यामुळे दुपारपर्यंत सावलीत असतात. उन्हातलं पाणी हमखास जळतं, म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं उरतं. सावलीतसुद्धा एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप कमी ठेवा, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका आणि फाइल रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ कच्च्या स्वरूपात, घ्या. काळा कातळ नंतर उजळता येतो. जळालेल्या पाण्यात मात्र काहीच परत येत नाही.

ट्रायपॉड लागतोच. वाहत्या पाण्यात पाय रोवलेला ट्रायपॉड थरथरतो, म्हणून तो खडकावर ठेवा. दोन सेकंदांचा टायमर लावा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. वाऱ्याने झाडं हलत असतील तर त्याच जागेवरून दुसरा फोटो आयएसओ वाढवून १/२५० ला घ्या आणि घरी पानं त्यातली, पाणी पहिल्यातलं, असं जोडा.

फ्रेम

आधी आभाळ काढून टाका. पावसाळ्यातलं पांढरं आभाळ डोळा वर खेचतं आणि धबधबा मागे पडतो. कड्याची कडा जेमतेम दिसेल इतकंच वर ठेवा, किंवा तीही कापा. सगळा धबधबा वरून खालपर्यंत मावलाच पाहिजे असा हट्ट नको. एका पायरीवर फुटणारं पाणी, बाजूला काळा दगड, त्यातून डोकावणारे नेचे, एवढ्यावर उत्तम फोटो होतो.

पूर्ण धबधबा घ्यायचाच असेल तर पाणी पडतं तिथे खाली जागा सोडा. डोहातून निघणारा ओढा फ्रेमच्या कोपऱ्यातून आत येऊ द्या, नजर त्याच्यासोबत वर जाते. अगदी समोर उभं राहण्यापेक्षा थोडं बाजूला सरका. कड्याची खोली दिसते आणि तुषारही कमी लागतात. उंची कळण्यासाठी दूरवर एखादं माणूस असू द्या. दूधसागरला हे काम पुलावरची रेल्वे करते. गाडीसाठी १/१२५ चा एक फोटो आणि पाण्यासाठी १/४ चा दुसरा, असे लागोपाठ घ्या.

फोटोसाठी कुठे उभं राहायचं नाही, हेही ठरवून जा. दूधसागरला रुळांवरून चालत जाणं हा रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे. पावसाळा सरल्यावर कुळे इथून जीप जातात, त्यांनी जा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात तो कोसळत असतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, आवाज बदलला, तर ट्रायपॉड सोडून आधी वर या. प्रशासनाने बंदी घातली असेल तर तो धबधबा त्या वर्षी राहू द्या.

मोबाइल असेल तर

आयफोनवर लाइव्ह फोटो घेऊन नंतर 'लाँग एक्स्पोजर' निवडा. लाइव्ह फोटो साधारण तीन सेकंदांचा असतो, म्हणून हा प्रकार पातळ धारांवरच वापरा. भरलेल्या प्रवाहाचं त्यात दूधच होतं. अँड्रॉइडवर प्रो मोडमध्ये सर्वांत कमी आयएसओ आणि १/८ ठेवा. मोबाइलचं ॲपर्चर बहुधा बदलत नाही, त्यामुळे हे दाट सावलीत किंवा संध्याकाळीच जमतं.

निघण्याआधी लेन्सवर थेंब नाहीत ना, हे फोटो पूर्ण मोठा करून तपासा. खिशातला सुती रुमाल सतत हाताशी हवा. आणि प्रत्येक फ्रेम १/८, १/४ आणि १/२ अशा तिन्ही वेगांनी घ्या. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर तिन्ही सारखेच वाटतात, धारा कशात टिकल्या ते घरी मोठ्या पडद्यावरच कळतं.