लोकवर्गणीतील रुग्णालय: जागा पक्की करण्यापूर्वीची तयारी

तालुक्याच्या किंवा मोठ्या बाजारपेठेच्या गावात लोकवर्गणीतून रुग्णालय उभारायचे ठरले, की पहिली जमीन बहुधा देणगी म्हणूनच पुढे येते आणि मग सारी समिती त्या एका जागेभोवती विचार करू लागते. देणगीदाराचा हेतू कितीही उदात्त असला तरी जमीन पाहण्याआधी रुग्णांचा विचार व्हावा, असा माझा आग्रह आहे. ज्या गावांसाठी रुग्णालय हवे आहे त्यांची यादी करावी आणि प्रत्येक गावासमोर रात्री अकरा वाजता तिथून निघालेली बाळंतीण कोणत्या वाटेने, कोणत्या वाहनाने आणि किती वेळात पोहोचेल हे लिहावे. ही माहिती १०८ रुग्णवाहिकेचे चालक, आशा कार्यकर्त्या आणि एसटीचे वाहक यांच्याकडून घ्यावी, कारण नकाशावरचे अंतर आणि प्रत्यक्षातला वेळ यांत मोठा फरक असतो. शासकीय निकषांनुसार ३० खाटांचे रुग्णालय सपाट भागात सुमारे १,२०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्येसाठी धरले जाते. तेवढ्या लोकसंख्येच्या परिघात सरकारी ग्रामीण रुग्णालय आधीच असेल, तर नवी जागा त्याच्या शेजारी न शोधता ज्या बाजूची गावे त्याच्यापासून दूर पडतात त्या बाजूला शोधावी.

जागेची पहिली पाहणी शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये करावी. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की या तालुका मुख्यालयाचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी नदीच्या अलीकडे की पलीकडे, हा प्रश्न इमारतीच्या आराखड्यापेक्षा मोठा ठरतो. उन्हाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याला पावसात किती पाणी येते आणि ते किती तास उतरत नाही, हे शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. जागा नदीकाठच्या गावात असेल तर जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषा पाहणे अनिवार्य समजावे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. दोन रेषांमधील पट्ट्यात काही अटींवर बांधकामाला परवानगी मिळू शकते, तरीही रुग्णालय लाल रेषेच्या बाहेरच असावे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा रुग्णांवर काय प्रसंग ओढवला, हे कोकणातील लोकांना सांगायला नको. सह्याद्रीच्या उतारावरील जागेबाबत ३० जुलै २०१४ ची माळीणची दुर्घटना, जिच्यात दरड कोसळून गाव गाडले गेले, डोळ्यांसमोर ठेवावी आणि वरच्या बाजूच्या डोंगराची पाहणी भूवैज्ञानिकाकडून करून घ्यावी.

मातीची परीक्षा बयाणा देण्यापूर्वीच झाली पाहिजे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर साधा पाया घातला तर काही वर्षांत भिंती तडकतात, फरशा उचलल्या जातात आणि शस्त्रक्रियागृहाचे दरवाजे नीट लागेनासे होतात. जागेच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी खड्डे घेऊन मुरूम किंवा कठीण खडक किती फुटांवर लागतो ते मोजावे, कारण देणगीत मिळालेल्या काळ्या रानाच्या पायावरचा वाढीव खर्च कधीकधी गावालगतची मुरमाड जमीन विकत घेण्यापेक्षा जास्त होतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, पण तो क्वचितच मांडला जातो. प्रचलित मानकांनुसार १०० खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला दर खाटेमागे रोज ३४० लिटर पाणी लागते. म्हणजे ३० खाटांना रोज १०,२०० लिटर पाणी हवे आणि कर्मचाऱ्यांच्या निवासाचे पाणी त्याहून वेगळे. एवढे पाणी मे महिन्यात मिळेल का, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तालुक्यातील नोंदींवरून आणि आसपासच्या विहिरींच्या प्रत्यक्ष पातळीवरून ठरवावे. ‘बोअरला भरपूर पाणी आहे’ एवढ्या आश्वासनावर थांबू नये. विजेसाठी जवळचे उपकेंद्र किती अंतरावर आहे आणि जागेवरून उच्चदाबाची वाहिनी जाते का, एवढे पाहिले तरी सुरुवातीला पुरेसे आहे.

क्षेत्रफळाबाबत माझे मत असे, की ३० खाटांसाठीही दोन ते तीन एकरांचा सलग तुकडा असावा. डॉक्टर व परिचारिकांची निवासस्थाने, जनित्र, प्राणवायूची टाकी, सांडपाणी प्रक्रिया आणि पुढील वाढ यांना जागा लागतेच, शिवाय रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांना स्वयंपाक करून मुक्काम करता येईल अशी सोय आपल्याकडे टाळता येत नाही. अग्निशमनाचा बंब इमारतीभोवती फिरू शकला पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात नवजात अर्भकांच्या कक्षाला लागलेल्या आगीनंतर या मुद्द्यावर कोणतीही तडजोड मान्य करू नये.

आता कागदपत्रे, जिथे सर्वाधिक वेळ आणि संयम लागतो. सातबारा उताऱ्यावर पहिली नजर भोगवटादाराच्या वर्गावर टाकावी. वर्ग २, म्हणजे हस्तांतरणावर शर्ती असलेली जमीन, असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नाही. त्यानंतर ‘इतर हक्क’ हा रकाना ओळीओळीने वाचावा. विकास सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, कुळाचे नाव, पुनर्वसन कायद्याखालील हस्तांतरणबंदी, कोकणात ‘खासगी वन’ असा शेरा, यांपैकी प्रत्येक नोंद वर्षानुवर्षे काम अडवू शकते. उताऱ्यावर दिसणाऱ्या प्रत्येक फेरफाराची नक्कल काढावी, जमिनींच्या एकत्रीकरणापूर्वीचे (तुकडे जोडून गट पाडण्यापूर्वीचे) सर्वे नंबर आजच्या गट नंबरांशी जुळवून घ्यावेत आणि वकिलाकडून मालकीबाबतचा किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. वारसांची नावे मोजताना बहिणींना वगळू नये. त्यांची हक्कसोडपत्रे नोंदणीकृत नसतील, तर भावांनी मिळून केलेले बक्षीसपत्र न्यायालयात टिकेल याची खात्री देता येत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असल्यास महसूल संहितेच्या कलम ३६अ ची, म्हणजे बिगर-आदिवासीकडे हस्तांतरणावरची, बंधने लागू होतात. अशी जमीन आडवाटेने मिळवण्याचा विचारही कोणी समितीत मांडू नये.

सार्वजनिक न्यास हा कायद्याच्या दृष्टीने शेतकरी नसतो, त्यामुळे शेतजमीन घेण्यापूर्वी कूळ कायद्याखाली परवानगी लागते. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ यांना वेगवेगळे कूळ कायदे लागू असल्याने शेजारच्या जिल्ह्यातील संस्थेचा अर्ज जसाच्या तसा उतरवून काढू नये. विकास योजनेतील किंवा प्रादेशिक योजनेतील झोन दाखला, आरक्षणाची तपासणी आणि बिनशेती आकारणी यांची चौकशी याच टप्प्यावर करावी. रस्त्याबाबत विशेष सावध राहावे: शेतीच्या वहिवाटीसाठी बांधावरून मिळालेली वाट रुग्णालयाच्या बांधकाम परवानगीला उपयोगी पडत नाही, त्यामुळे नकाशावर नोंदलेला सार्वजनिक रस्ता जागेला प्रत्यक्ष लागून आहे हे भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीतून सिद्ध करून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती घ्यावी.

गायरानाची सूचना प्रत्येक ग्रामसभेत कोणीतरी करतेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींबाबत दिलेल्या निकालानंतर गायरान देण्यावर राज्यात कडक बंधने आली आहेत, त्यामुळे खासगी न्यासाने त्या आशेवर वर्ष घालवू नये. इतर शासकीय जमिनीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तो मंजूर झाल्यास वापराची अट कायम राहते आणि अट मोडल्यास जमीन परत जाऊ शकते. वनक्षेत्रातील गावांसाठी मात्र एक फारसा वापरला न जाणारा मार्ग आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार शासनाच्या दवाखान्यासाठी किंवा रुग्णालयासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते, मात्र हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत. ग्रामसभेने ठराव करून शासनाकडेच रुग्णालय मागितले, तर हा मार्ग खुला होतो.

देणगीदाराने अट घातली असेल, उदाहरणार्थ वडिलांचे नाव द्यावे किंवा कुटुंबातील एकाला विश्वस्त करावे, तर ती समितीच्या बैठकीत मोकळेपणाने चर्चेला घ्यावी आणि मान्य असल्यास बक्षीसपत्रातच लिहावी. तोंडी शब्द पुढच्या पिढीला बांधत नाही. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र असेल तर स्वतःचे केंद्र उभारता येत नाही, त्यामुळे त्या केंद्राची गाडी या गावापर्यंत नियमित येईल का, हे लेखी विचारून घ्यावे.

दस्ताची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्यावा, हद्दीचे दगड शेजारच्या खातेदारांसमक्ष रोवून पंचनाम्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात आणि नव्या मालमत्तेचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल करावा.