खांद्यात प्लेट बसली, आता घरी काय करायचं

माझ्या उजव्या दंडाचं हाड खांद्यालगत मोडलं आणि प्लेट व स्क्रू घालून ते जोडावं लागलं. मी कराडला राहते, प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर सांगतात ते मोलाचं असतं, पण घरी आल्यावर प्रश्न पडतात ते झोपेचे, आंघोळीचे, ब्लाउजचे. सगळी मोडतोड सारखी नसते. सांधा बदलला असेल तर नियमही वेगळे असतात. म्हणून इथे आठवड्यांचा हिशोब जिथे येईल तिथे तुमच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा धरा.

सगळ्यात आधी एक फरक समजून घ्या. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि त्याला लागून दोन उंचवटे असतात. हात वर नेणारे आणि आतबाहेर फिरवणारे स्नायू आपल्या कंडरांनी या उंचवट्यांनाच धरून असतात. खांद्याजवळ हाड मोडतं तेव्हा पुष्कळदा हे उंचवटेच सुटे होतात. सर्जन ते जागेवर आणून स्क्रू आणि जाड टाक्यांनी बांधतात. पण हाड सांधायला साधारण सहा आठवडे लागतात, पक्कं व्हायला तीन महिने, कधी जास्त. तोपर्यंत त्या तुकड्यावर त्याच्याच स्नायूचा ओढा बसला तर तो पुन्हा निसटू शकतो. हाड ठिसूळ असेल तर स्क्रूही आतून सरकतात.

म्हणून हात हलवण्याचे दोन प्रकार आहेत. डाव्या हाताने उजवा उचलला, घरच्या माणसाने उचलला, किंवा वाकून नुसता लोंबू दिला, तर खांद्याचा स्नायू ढिला राहतो आणि सांधा मात्र हलतो. हे लवकर सुरू करायचं असतं, नाहीतर खांदा आखडतो. तोच हात स्वतःच्या जोरावर दोन इंच जरी पुढे नेला, तरी ओढा थेट मोडलेल्या जागी जातो. हे डॉक्टर सांगेपर्यंत करायचं नाही. मला शिकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट म्हणायची, "काकू, आत्ता हा हात पाहुणा आहे, त्याला काम सांगायचं नाही." डाव्या हाताची बोटं खांद्याच्या गोलाईवर ठेवून पाहा. हलवताना तिथला स्नायू टणक लागला, तर हात स्वतः काम करतोय. मऊ राहिला तर बरोबर चाललंय.

खरा धोका व्यायामात नसतो, नकळत होणाऱ्या हालचालींत असतो. टेबलावरून पडणारं भांडं पकडायला हात झेपावतो. खुर्चीतून उठताना तळवा टेकून जोर दिला जातो. पांघरूण ओढणं, दार ढकलणं, समोरचा चहाचा कप हात लांब करून घेणं, ही सगळी दुसऱ्या प्रकारातली कामं. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. आमच्याकडे माझ्या उजव्या बाजूला कुणी काही ठेवायचंच नाही असं ठरलं होतं. पाणी, फोन, चष्मा सगळं डावीकडे.

ऑपरेशनच्या वेळी मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हात बधिर केला असेल, तर तो पुढचे बारा ते चोवीस तास आपला वाटतच नाही. त्या वेळात आवाज घोगरा होणं, एक पापणी जराशी उतरणं, श्वास थोडा अपुरा वाटणं हे त्या इंजेक्शनमुळे होऊ शकतं आणि ते उतरतं. पण सिस्टरना सांगा, श्वासाचं तर लगेच. बधिरपणा पूर्ण जाण्याआधीच दुखण्याची गोळी घेतलेली असावी. एकदा कळ चढली की गोळीला आवरायला वेळ लागतो. पुढच्या काही दिवसांत निळं-हिरवं रक्त साकळून कोपरापर्यंत आणि छातीवर उतरतं. माझे यजमान ते पाहून घाबरले होते, पण वरचं रक्त खाली झिरपतं एवढंच ते असतं. बांगड्या आणि अंगठी हॉस्पिटलला जाण्याआधीच काढा, बोटं सुजल्यावर निघत नाहीत. बोटांची मूठ उघडणं-मिटणं आणि मनगट फिरवणं पहिल्या दिवसापासून करायचं. डॉक्टरांना विचारून दिवसातून काही वेळा झोळी काढून कोपरही सरळ करायचं. ते राहिलं तर खांद्याबरोबर कोपरही आखडतं.

झोपेने मला सगळ्यात जास्त छळलं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. उताणं सपाट झोपलं की कोपर मागे पडतं, खांदा पुढून ताणला जातो आणि कळ येते. त्यामुळे पहिले काही आठवडे अर्धवट बसून झोपायचं. लोड आणि दोन उशा भिंतीला लावून पाठ तिरकी ठेवा, आरामखुर्ची असेल तर आणखी बरं. दंडाखाली आणि कोपराखाली एक घडी केलेली चादर किंवा चपटी उशी ठेवा. मान न उचलता खाली पाहिलं की स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते मागे गेलंय, उशी वाढवा. झोळी रात्रीही घालायची. जमिनीवरच्या गादीवर झोपत असाल तर काही काळ पलंगावर या, कारण जमिनीवरून उठताना हात टेकल्याशिवाय राहवत नाही. चांगला हात कडेला येईल अशा बाजूने झोपा, म्हणजे उठताना तोच टेकता येतो.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवून अंग पुसून घ्यायचं. काख हा वेगळाच विषय आहे. हात अंगाशी चिकटलेला राहतो, घाम साठतो, कातडी सोलवटते. त्यासाठी हात उचलायचा नाही. डाव्या हाताने बेसिन धरून कमरेतून पुढे वाका आणि उजवा हात लोंबू द्या. काख आपोआप उघडते. घरच्यांनी ओल्या कपड्याने पुसून, नीट कोरडी करून तिथे सुती रुमालाची घडी ठेवावी. न्हाणीघरात स्टुलावर बसूनच आंघोळ करा आणि फरशीवर रबरी मॅट टाका. या काळात दुसऱ्यांदा पडणं परवडणारं नाही.

कपड्यांचा नियम एकच आहे: घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. बायकांनी पुढून पूर्ण उघडणारा सैल गाऊन दोन-तीन तरी जवळ ठेवावेत. साडी नेसायचीच असेल तर नाडीच्या परकराऐवजी इलॅस्टिकचा घ्या, कारण एका हाताने नाडी बांधता येत नाही. ब्लाउज पुढच्या हुकांचा आणि सैल बाह्यांचा. पुरुषांनी बनियनचा हट्ट सोडून बटणाचा शर्ट घालावा. झोळीचा पट्टा मानेला काचतो, मंगळसूत्र त्याखाली आलं तर फारच. पट्ट्याखाली मऊ कापड घाला. जेवताना डाव्या हाताने चमचा धरायची सवय दोन-चार दिवसांत होते. पोळी दुसऱ्याने कुस्करून वरणात किंवा दुधात घालून द्यावी. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा, उकिडवं बसून उठताना हाताचाच आधार घेतला जातो.

आता व्यायाम. सुरुवात बहुधा लंबकाच्या व्यायामाने होते. डावा हात ओट्यावर टेकून वाका, उजवा सैल सोडा आणि कमर हळू पुढे-मागे, मग गोल हलवा. हात हलवायचा नाही, अंग हललं की तो आपोआप झुलतो. त्यानंतर उताणं झोपून डाव्या हाताने उजवं मनगट धरून डोक्याच्या दिशेने न्यायचं. हात बाहेर फिरवायला छत्री किंवा काठी घ्या. कोपर बगलेशी, मध्ये घडी केलेला टॉवेल, आणि डाव्या हाताने काठी ढकलून उजवा पंजा बाहेर. हा व्यायाम कंटाळवाणा वाटतो आणि लोक तोच सोडतात. पण पाठीमागे वेणीपर्यंत किंवा मानेवर हात न्यायचा तर हीच हालचाल लागते. जेवणाच्या टेबलावर फडकं ठेवून दोन्ही तळवे पुढे सरकवणंही चांगलं.

कप्पीचा व्यायाम आमच्या झोपाळ्याच्या कडीमुळे सोपा झाला. कडीला छोटी कप्पी, त्यातून सुती दोरी, दोन टोकांना दोन मुठी. डावा हात खाली ओढला की उजवा वर जातो, आणि तोही स्वतः जोर न लावता. घरात कडी नसेल तर मेडिकलच्या दुकानात दाराला अडकवायची मिळते.

एक्स-रेमध्ये हाड सांधायला लागलेलं दिसलं की डॉक्टर हाताला स्वतः काम करायची मुभा देतात. तेव्हा भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची आणि पोहोचलेल्या जागी पेन्सिलने खूण करायची. हे आरशासमोर करा. हात पूर्ण वर जातो त्या १८० अंशांतले सुमारे १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० पाठीवरचं फऱ्याचं हाड फिरल्यामुळे. सांधा आखडलेला असला की आपण अख्खा खांदा कानाकडे उचकतो आणि हात वर गेला असं समजतो. खांदा खाली ठेवून कमी उंचीपर्यंत गेलं तरी ते जास्त कामाचं. रबरी पट्टा आणि वजनं तीन महिन्यांच्या आसपास येतात, तीही सांगितल्यावरच.

व्यायामाच्या अर्धा तास आधी गोळी, नंतर कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ. दुखणार हे नक्की. मी पाळलेला निकष असा: दुखणं तास-दोन तासांत उतरलं तर ठीक, दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर त्या दिवशी कमी करायचं, पण बंद नाही. सकाळी एकदाच जीव तोडून करण्यापेक्षा थोडं थोडं तीन-चार वेळा केलेलं खांद्याला मानवतं.

भेटायला येणारी माणसं प्रेमाने सल्ले देतात. हाडवैद्याकडे नेऊन चोळून घेणं, तेलाचं मालीश, जखमेवर लेप, यांतलं काहीही करू नका. सांधत आलेलं हाड त्याने हलतं आणि जखमेत जंतू जातात. हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर प्या, पण डॉक्टरांच्या गोळ्या त्यामुळे सुटत नाहीत. आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ती आत्ताच थांबवा. मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि तंबाखूने हाड सांधायला उशीर होतो. बिडी-सिगारेटचंही तेच. मधुमेह असेल तर साखर काटेकोर सांभाळा, त्यात खांदा लवकर आखडतो आणि जखमही चिघळते.

काही लक्षणं दिसली तर फेरतपासणीच्या तारखेची वाट पाहू नका: ताप, जखमेतून पू किंवा वाढती लाली, बोटं निळी-थंड पडणं, अचानक खटकन आवाज होऊन नवं दुखणं, पोटरी सुजणं, धाप लागणं. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढ्या जागी बधिरपणा असेल तर तोही सांगा. तिथली नस हाडाला वळसा घालून जाते आणि मोडताना दुखावली जाऊ शकते. बहुतेकदा ती महिन्यांत सुधारते, पण डॉक्टरांना माहीत असायला हवं.

"ऑपरेशन केलंय ना, मग एवढा व्यायाम कशाला?" असं मला अनेकांनी विचारलं. ब्रिटनमध्ये अशाच सरकलेल्या मोडीच्या २५० रुग्णांवर प्रोफर नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली आले. निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना झोळी, आणि पुढे फिजिओथेरपी दोन्हींकडे. दोन वर्षांनी हाताच्या वापरात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. याचा अर्थ ऑपरेशन वाया जातं असा नाही, काही मोडींना ते लागतंच. पण नुसत्या प्लेटच्या भरवशावर बसू नये.

उभ्या उभ्या पडून हाड मोडलं असेल आणि वय पन्नाशीपुढे असेल, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात, आणि त्यावर औषधं आहेत. फक्त कॅल्शियमच्या गोळीने भागत नाही. ड जीवनसत्त्वही तपासा. नाचणीची भाकरी, तीळ, दूध, डाळी, चालत असतील तर अंडी, हे ताटात रोज असू द्या.

एक्स-रे, ऑपरेशनची नोट आणि प्लेटचा तपशील एकाच फाइलमध्ये ठेवा. दुखणं संपलं म्हणून पुढच्या तपासण्या टाळू नका. हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा मोडताना तुटला असेल तर त्याची झीज दीड-दोन वर्षांनीही दिसू शकते. स्कूटर, पाण्याची भरलेली बादली आणि कुकर वरच्या फळीवरून उतरवणं, या तीन गोष्टी मी डॉक्टरांना नाव घेऊन विचारल्या आणि तिन्हींची परवानगी वेगवेगळ्या वेळी मिळाली. तुम्हीही अशीच कामाची नावं घेऊन विचारा, "आता सगळं करू का?" असं मोघम नको. त्रास नसेल तर प्लेट सहसा काढत नाहीत. पुढे कधी एमआरआय सांगितला तर प्लेटचा तो कागद तिथे आधी दाखवा.