मिरचीचं पान वाकडं झालं की आधी ते उलटून बघा: कुंडीतल्या झाडांबाबत या चुका टाळा

पान बिघडलं की आपल्याकडे ठरलेला क्रम असतो. फोनवर फोटो काढायचा, कृषी सेवा केंद्रात दाखवायचा आणि दुकानदार देईल ते टॉनिक अन् कीटकनाशक एकाच बादलीत कालवून मारायचं. फोटोत पानाची मागची बाजू नसते, कुंडीचं बुड नसतं आणि झाडाला पाणी कुठलं घालता हे तर नसतंच. दुखणं मात्र बहुतेक वेळा या तीनपैकी एका ठिकाणी असतं. परभणी असो, बीड असो की जालना, गच्चीवरची मिरची, टोमॅटो आणि लिंबू बहुतेक करून याच चुकांनी हातचे जातात.

पिवळं पान म्हणजे युरिया कमी, असं धरून चालणं

पिवळेपणा कुठल्या पानांवर सुरू झाला, हे आधी बघा. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं सबंध फिकी पडतात. मॅग्नेशियम कमी असेल तरी सुरुवात खालूनच होते, पण तिथे शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. लोहाचं उलटं आहे. झाडाला जुन्या पानातलं लोह हलवता येत नाही, त्यामुळे खालची पानं हिरवीगार आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळट-पांढरी, त्यावर हिरव्या शिरांची जाळी.

आपल्या भागात हा शेंड्याचा पिवळेपणा फार दिसतो. काळ्या मातीत चुनखडी असते, सामू (पीएच) 8 च्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो, आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. अशा झाडाला युरिया देऊन काही होत नाही. त्यातून कुंडी सतत ओली ठेवली तर पिवळेपणा आणखी वाढतो. आधी पाणी तोडा आणि वरची दोन बोटं माती सुकू द्या. त्यानंतर लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट, त्यात चिमूटभर लिंबूसत्व, अशी फवारणी संध्याकाळी करा. पिवळी पडलेली सगळी पानं पूर्ववत होतीलच असं नाही. नवीन फूट हिरवी आली की समजा, उपाय लागू पडला.

चुरडा-मुरडा हा एकच रोग समजणं

मिरचीवर सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. पान आकसलं की सगळे त्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणून मोकळे होतात. पण त्यामागे तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

पानाच्या कडा वर वळून पान द्रोणासारखं झालं असेल तर फुलकिडे बघा. कडा खाली वळून पालथ्या द्रोणासारखं झालं असेल, देठ लांबलेला असेल, तर कोळी (माइट), जाळं विणणारा कोळी नव्हे. आणि पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला असेल, झाडाची वाढच खुंटली असेल, तर तो विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला.

खात्री करायला काही महाग लागत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत एक कोरा पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि फांदीवर दोन-चार टिचक्या मारा. कागदावर सुईच्या टोकाएवढे पिवळसर किंवा काळपट लांबुडके ठिपके पडतील. थोडा वेळ नजर रोखून ठेवा. ठिपके चालू लागले तर ते फुलकिडे. फुलंही झटकून बघा, तिथे ते लपून बसतात. मिरचीवरचा पिवळा कोळी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि शेंड्याच्या कोवळ्या पानाची मागची बाजू बघा.

एवढं बघायचं कारण असं की कोळी हा कीटक नाही. फुलकिड्यांवरची बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुप्पट जोमाने वाढतो. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, लिटरला 2 ते 3 ग्रॅम. पण एप्रिल-मे मध्ये, पारा 40 च्या वर असताना गंधक मारलं तर पानं भाजतात. निंबोळी तेल मारल्यावर पुढचे दोन आठवडे गंधकाला हात लावू नका, तेही भाजतं.

फुलकिड्यांसाठी घरी निंबोळी अर्क पुरेसा होतो: 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि पानांच्या मागून फवारायचं. निळे चिकट सापळेही लावा. विषाणूवर औषधच नाही. ते झाड उपटून गच्चीवरून बाहेर काढा. जीव तुटतो, फुलं लागलेली असतात, हे खरं आहे. पण ठेवलं तर पांढरी माशी त्यावरून शेजारच्या टोमॅटोवरही जाते.

कूलरचं उरलेलं पाणी झाडांना घालणं

2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात पाणी वाया घालवायचं नाही ही सवय चांगलीच. पण कूलरच्या टाकीत बोअरचं पाणी दिवसरात्र उडून जातं आणि क्षार खाली राहतात. रोज वर भर पडत गेली की मे महिन्यात ते पाणी मुळच्यापेक्षा कितीतरी खारट होतं. फिल्टरमधून बाहेर टाकलेल्या पाण्याचंही तेच.

खूण ओळखायला सोपी आहे. पानाची टोकं आणि कडा तपकिरी होऊन करपतात, आतला भाग हिरवा राहतो. कुंडीच्या काठावर पांढरी खर धरते. लोक याला उन्हाचा चटका समजून आणखी तेच पाणी घालतात. उन्हाचा चटका कडेला नेमका बसत नाही, जे पान उन्हाकडे तोंड करून असतं त्यावर पांढुरके डाग पडतात. उपाय एकच. चांगलं पाणी कुंडीच्या भोकातून वाहून जाईल इतकं एकदा भरपूर घाला आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका. पावसाळ्यात कुंड्या आडोशाला न ठेवता उघड्यावर राहू द्या. आणि हो, दुपारी वांग्याची, भोपळ्याची पानं मान टाकतात म्हणून लगेच पाणी घालू नका. पहाटे बघा. पहाटेही माना खाली असतील आणि माती ओली असेल, तर मुळं सडत आहेत.

शेतातला पंप घरी वापरणं

वावरातून पाठीवरचा पंप आणायचा आणि त्यानेच टोमॅटोवर फवारायचं, हे फार घडतं. त्या पंपात कधी 2,4-डी हे तणनाशक भरलेलं असेल तर नुसत्या विसळण्याने ते जात नाही. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची पानं यानेच भेंडीच्या पानांसारखी फाटतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. घरच्या टोमॅटोचं पान असंच अरुंद, चिंधीसारखं होतं आणि सगळे त्याला विषाणू समजतात. घरासाठी एक लिटरचा हातपंप वेगळा ठेवा. कापसावरचं उरलेलं कीटकनाशकही घरच्या भाजीवर नको. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदी आहे, ती उगीच नाही.

लिंबाच्या पानावर नागमोडी चंदेरी रेघ दिसली तर ती नागअळी. मोठ्या झाडाचं तिने फारसं बिघडत नाही. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी हाताने वेचा. गुलाबाच्या पानाला कडेने गोल काप असतील तर ती पानकापी मधमाशी, तिला राहू द्या.

एवढं करूनही निदान होत नसेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात नमुना घेऊन जा. जुनी आणि नवी दोन्ही पानं असलेली फांदी सकाळी तोडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत ती सडते. सोबत थोडी माती घ्या, आणि मागच्या महिन्यात काय काय मारलं ते कागदावर लिहून न्या.