राज्य खरंच कर्जात बुडालंय का, हे घरबसल्या कसं तपासायचं

मार्चमध्ये बजेट आलं की आमच्या टिळक रोडच्या कट्ट्यावर वाद ठरलेला, महाराष्ट्रावर एवढे लाख कोटी कर्ज म्हणजे संपलंच सगळं. अहो पण बाणेरमध्ये ८० लाखांचं होम लोन घेतलेल्याला आपण लगेच कंगाल म्हणतो का, आधी पगार विचारतो ना? राज्याचंही तसंच बघायचं.

कर्जाला सकल राज्य उत्पन्नाने, म्हणजे वर्षभरात राज्यात तयार झालेल्या वस्तू-सेवांच्या एकूण मूल्याने भागा. आणि त्याहून महत्त्वाचं, व्याजाला महसुली जमेने, म्हणजे कर, शुल्क, केंद्राचा वाटा अशा उधारी सोडून आलेल्या पैशाने भागा. मी तर हाच आकडा आधी काढतो, कारण तिजोरीत आलेल्या १०० रुपयांतले किती व्याजातच गेले ते थेट कळतं, मग त्यात पगार आणि पेन्शन मिळवा, उरलं त्यातच रस्ते, धरणं, दवाखाने.

मग तूट. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभराचा सगळा खर्च भागवायला लागणारी उधारी, राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत एवढं बघून थांबू नका, महसुली तूट, म्हणजे रोजचा खर्च महसुली जमेपेक्षा किती जास्त, तेही बघा. ती शून्य असेल तर उधारी बांधकामांसारख्या भांडवली कामांना जातीये, मोठी असेल तर रोजच्या खर्चालाच कर्ज काढतायत, आणि हे मला जास्त काळजीचं वाटतं.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ते. बजेटमध्ये अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रकमा असे वेगवेगळे रकाने असतात, लोक एका राज्याचा अंदाज दुसऱ्याच्या प्रत्यक्ष रकमेशी लावतात. प्रत्यक्षच घ्या, दोन वर्षं जुने असले तरी, आणि सगळ्यांचं वर्ष एकच. रिझर्व्ह बँक दरवर्षी सगळ्या राज्यांचे आकडे एकाच साच्यात देते, ते सोपं पडतं. २०२०-२१ एकटं घेऊ नका, कोविडमुळे बऱ्याच राज्यांची जमा घसरली होती.

तुलना गुजरात, कर्नाटक, तामिळनाडूशी करा, सिक्कीमसारख्या छोट्या राज्याशी नको. बिहारशी करायची तर लक्षात ठेवा, केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी केंद्रीय करांच्या राज्यांच्या वाट्यातला बिहारला १०.०५८ टक्के हिस्सा दिला आणि आपल्याला ६.३१७, म्हणून स्वतःचा कर किती गोळा होतो ते वेगळं काढा.

केंद्राच्या नीती आयोगाचा राज्यांची आर्थिक तब्येत मोजणारा जानेवारी २०२५चा निर्देशांकही आहे, १८ राज्यं, आकडे २०२२-२३चे, ओडिशा पहिलं आणि महाराष्ट्र सहावा. पण ओडिशाच्या जमेत खाणींचा वाटा मोठा आहे, तो बाजूला काढून बघा. आणि महामंडळांच्या नावावर सरकारी हमीने काढलेलं कर्ज वरच्या भागाकारात बऱ्याचदा येतच नाही, ते सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात शोधावं लागतं, वेळ जातो पण शोधाच.