किल्मार्नकच्या चौथ्या अर्लचे चरित्र लिहिताना

अठराव्या शतकातील स्कॉटिश सरदाराचे चरित्र लिहायला घेताना प्रथम नाव आणि किताब यांची फोड करावी, कारण विल्यम बॉइड (१७०५–१७४६) कागदोपत्री बहुधा नुसता ‘किल्मार्नक’ म्हणून भेटतो आणि त्याच्या वडिलांचे नावही विल्यमच होते. १७१७ मध्ये वडील वारल्यावर तो चौथा अर्ल झाला. त्याआधीच्या कागदातला अर्ल तो नव्हे.

तारखा उतरवताना जंत्री जवळ असावी. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना चालत असल्यामुळे कलोडनची लढाई (स्ट्युअर्ट घराण्याला ब्रिटनची गादी परत मिळवून देण्यासाठी १७४५ मध्ये झालेल्या बंडाची शेवटची लढाई) तिथे १६ एप्रिल १७४६ ला, तर फ्रेंच, म्हणजे नव्या ग्रेगोरियन गणनेने २७ एप्रिलला पडते. इंग्लंडचे कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी १७४६ मधली त्याच बंडातली फॉल्कर्कची लढाई एखाद्या लंडनच्या कागदात १७४५ ची दिसली, तर ती चूक समजून खोडू नये.

खरी कसोटी फ्रीमेसनरीच्या, म्हणजे ‘लॉज’ नावाच्या शाखांत भरणाऱ्या गुप्त विधींच्या बंधुसंघाच्या, प्रकरणात लागते. १७४२ मध्ये तो स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचा, म्हणजे तिथल्या लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेचा, ग्रँड मास्टर (प्रमुख) झाला आणि तीनच वर्षांनी गादीवर हक्क सांगणाऱ्या घराण्यातल्या चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्टच्या बंडात सामील झाला, एवढ्यावरून लॉजमध्ये कट शिजल्याची कथा रचण्याचा मोह होतो (असल्या कथा खपतातही फार). तो आवरावा. त्याचा थोरला मुलगा जेम्स कलोडनला सरकारी सैन्यात, म्हणजे बापाच्या विरुद्ध बाजूला होता, आणि पुढे १७५१ मध्ये तोही ग्रँड मास्टर झाला. लॉजचे सदस्यत्व राजनिष्ठेची बाजू ठरवत नव्हते, याला याहून बोलका पुरावा कोणता?

बंडाचे कारण घरात आणि हिशेबाच्या वहीत शोधावे. पत्नी ॲन लिव्हिंग्स्टन हिच्या वडिलांची इस्टेट स्ट्युअर्टांच्या बाजूने झालेल्या १७१५ च्या आधीच्या बंडापायी जप्त झाली होती, तर त्याचे स्वतःचे वडील त्या वेळी सरकारच्या बाजूने होते. अखेरच्या दिवसांत त्याला भेटणारे धर्मोपदेशक जेम्स फॉस्टर यांच्या वृत्तांतात तो उधळेपणा आणि त्यातून आलेली ओढगस्त हे मूळ सांगतो. मात्र हे शब्द मृत्युदंड झालेल्या, गुन्हा कबूल करून दयेची याचना केलेल्या माणसाचे आहेत, हे विसरू नये. १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्याच्याबरोबरच शिरच्छेद झालेल्या, त्याच बंडातल्या लॉर्ड बॅल्मेरिनोने पश्चात्ताप दाखवला नाही, म्हणून दोघांची निवेदने शेजारी ठेवून वाचावीत.

त्याचा किताब जप्त झाल्याने वंशजांचा शोध ‘किल्मार्नक’ या नावाखाली पुढे चालत नाही. जेम्सला १७५८ मध्ये वारशाने एरोलचे अर्लपद मिळाले; तिथून पुढचे कागद ‘एरोल’ या नावाखाली पाहावेत.