कनेक्टिंग तिकीट नॉनस्टॉप करताय? या चुका टाळा, नाहीतर दुप्पट पैसे जातील

समजा, पुण्याहून दिल्लीमार्गे अमेरिकेतल्या न्यूअर्कचं तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून आईबाबांसाठी काढलं. नंतर लक्षात आलं की दिल्लीला पाच तास काढायचे, टर्मिनलमध्ये चालायचं, हे त्यांना झेपणार नाही. मुंबईहून नॉनस्टॉप बरं. फोन केला की कंपनी माणशी तीस-चाळीस हजारांचा आकडा सांगते आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंपनी तीच, तारीख तीच, सीटही रिकाम्या दिसताहेत, मग पैसे कसले?

विमानाचं भाडं किलोमीटरवर ठरत नाही. कोणत्या दोन शहरांमधला प्रवास आहे आणि त्यासाठी गिऱ्हाईक किती मोजायला तयार आहे, यावर ठरतं. एका थांब्याच्या प्रवासात आखाती आणि युरोपियन कंपन्यांशी स्पर्धा असते, म्हणून तिथे भाव पाडावा लागतो. नॉनस्टॉप देणारे एक-दोनच असतात, म्हणून तिथे भाव चढा राहतो. तुम्ही बदल मागता तेव्हा कंपनी जुनं तिकीट परत घेऊन नॉनस्टॉप आजच्या भावाने विकते. त्यामुळे बदल कधी आणि कसा मागता, यावर बराच पैसा वाचतो किंवा जातो.

चूक: सीट मॅप बघून "जागा आहे" म्हणणं

इकॉनॉमी केबिन एकच दिसली तरी आत भाड्याचे दहा-बारा वर्ग असतात. प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं. ते तिकिटावर "क्लास" किंवा "बुकिंग क्लास" म्हणून छापलेलं असतं. वाय म्हणजे सहसा सर्वांत महाग इकॉनॉमी. त्याखाली बी, एम, एच, के असे वर्ग उतरत जातात, प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा. तुमचं कनेक्टिंग तिकीट खालच्या वर्गातलं असतं. नॉनस्टॉपवर पन्नास सीट रिकाम्या असल्या तरी तो वर्ग बंद असेल, तर तुम्हाला वरच्या वर्गाचं भाडं लागतं. कधी वर्ग उघडा असतो, पण तुमच्या भाड्याच्या नियमांत तो मार्ग किंवा ते विमान बसत नाही. निकाल तोच.

दिल्ली-न्यूअर्क हाच टप्पा स्वतंत्र शोधला तर महाग आणि पुण्यापासून जोडून शोधला तर स्वस्त, असंही दिसतं. कंपनी दोन टप्पे जोडीने स्वस्तात सोडते. जोडी फोडली की सवलत जाते.

आता कुटुंबांना हमखास फटका बसतो ती गोष्ट. चौघांचं तिकीट एकाच पीएनआरवर आहे आणि नॉनस्टॉपवर स्वस्त वर्गात दोनच सीट उरल्या आहेत. चौघांसाठी एकत्र मागितलं की सिस्टिम ते दोन स्वस्त, दोन महाग असं करत नाही. चौघांनाही वरच्या वर्गाचा भाव लावते. म्हणून फोन करण्याआधी कंपनीच्या साइटवर तीच फ्लाइट एक प्रवासी, मग दोन, मग तीन, मग चार अशी शोधा. माणशी भाडं जिथे उडी मारतं, तिथे स्वस्त वर्ग संपला. मग कस्टमर केअरला आधी पीएनआर "स्प्लिट" करायला सांगा आणि दोन-दोनचा बदल स्वतंत्र करून घ्या. मुलं सोबत असतील तर प्रत्येक भागात एक मोठं माणूस राहील असं बघा. स्प्लिट झालेले दोन्ही पीएनआर एकमेकांच्या नोंदीत टाकून घ्या, म्हणजे पुढे एक फ्लाइट बदलली तरी दुसऱ्यांची दखल राहते.

चूक: "चेंज फी शून्य" वाचून निर्धास्त होणं

युनायटेडने ऑगस्ट २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासाची चेंज फी काढून टाकली, पाठोपाठ डेल्टा आणि अमेरिकन एअरलाइन्सनेही. तेव्हापासून हा शब्द सगळीकडे दिसतो. त्यात भाड्यातला फरक माफ होत नाही, आणि सर्वांत स्वस्त बेसिक इकॉनॉमी त्या सवलतीत धरलेली नव्हती. भारतातही तेच: फी आणि फरक या दोन वेगळ्या गोष्टी.

हिशोब असा करा (आकडे फक्त समजण्यापुरते). जुनं तिकीट ८८,०००, नॉनस्टॉपचा आजचा भाव १,२४,०००. फरक ३६,०००, कंपनीची फी ६,०००, एजंटाचे १,५००. बदलाचा खर्च ४३,५००. आता दुसरा रस्ता: रद्द करून नवं तिकीट. रद्द करण्याचे १५,००० गेले तर ७३,००० परत येतात, नव्या तिकिटाला १,२४,००० लागतात, म्हणजे ५१,०००. इथे बदल परवडला. पण दुसऱ्या कंपनीचं सोयीचं तिकीट १,१०,००० ला मिळत असेल तर खर्च ३७,०००, आणि रद्द करणंच शहाणपणाचं. "नॉन-रिफंडेबल" लिहिलंय म्हणून हा हिशोब सोडून देऊ नका. डीजीसीएच्या (भारतातल्या हवाई वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमानुसार रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असू शकत नाही, आणि विमानतळाची वापरकर्ता फी व सरकारी कर नॉन-रिफंडेबल तिकिटावरही परत मिळतात.

फोनवर एकच एकूण आकडा स्वीकारू नका. मूळ भाड्याचा फरक, करांचा फरक, फी असे तीन भाग विचारा. मधला थांबा गेला की तिथल्या विमानतळाचे काही आकारही जातात. ते वजा झालेत का, हे तिथेच कळतं.

त्याच कंपनीचं नवं तिकीट आधी काढून जुनं "मग बघू" म्हणून ठेवू नका. एकाच नावाची, एकाच दिवसाची दोन बुकिंग दिसली की काही कंपन्यांच्या सिस्टिम त्यातलं एक आपोआप उडवतात. कोणतं, ते तुमच्या हातात नसतं.

चूक: पुण्याचं तिकीट मुंबईचं करणं म्हणजे "फक्त मार्ग बदल" समजणं

पुणे-दिल्ली-न्यूअर्कचं मुंबई-न्यूअर्क केलं की निघण्याचं शहरच बदलतं. मग सगळं तिकीट नव्याने मोजलं जातं, परतीसकट. परतीचा भाग जुन्याच भावाने राहील असं गृहीत धरू नका; दोन्ही बाजूंचा आकडा एकत्र मागा. त्यात पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंतची टॅक्सी, द्रुतगती मार्गाचा टोल आणि अडकलो तर म्हणून धरलेले जादा तास मिळवा. काही वेळा हिशोब उलटा फिरतो.

विमानतळाचा कोडही नीट वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू आहे, त्याचा कोड एनएमआय. जुन्या मुंबईचा बीओएम. गोव्यात दाबोळी जीओआय आणि २०२३ मध्ये सुरू झालेलं मोपा जीओएक्स. कनेक्टिंग दाबोळीला उतरत होतं आणि नॉनस्टॉप मोपाला उतरतंय, तर काणकोणला जाणाऱ्याचा विमानात वाचलेला वेळ रस्त्यावर जातो.

पैसे भरण्याआधी "स्टॉप" शून्य दाखवतोय का आणि एकूण प्रवास किती तासांचा आहे, हेही पाहा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं युरोपात इंधनासाठी उतरू लागली होती. विमान तेच, नंबर तोच, फक्त दोन तास जमिनीवर.

सर्वांत महागाची चूक: वेळ बदलल्याच्या ईमेलवर "स्वीकार" दाबणं

नॉनस्टॉप फुकट मिळण्याची खरी संधी कंपनी स्वतः देते आणि लोक ती एका क्लिकवर घालवतात. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होतं. जूनमध्ये डिसेंबरचं तिकीट काढलं असेल, तर मधल्या काळात एखादा टप्पा सरकण्याची चांगलीच शक्यता असते. "तुमच्या प्रवासात बदल झाला आहे" असा मेसेज आला की स्वीकारचं बटण लगेच दाबू नका.

आधी मोजा: मधला वेळ किती उरला? कनेक्शन अगदी तोकडं झालंय का, की थांबा तीनचा नऊ तास झालाय? मग त्याच कंपनीची, त्याच दिवसाची किंवा एक दिवस मागेपुढे असलेली नॉनस्टॉप शोधा आणि तिचा नंबर व वेळ लिहून ठेवा. फोनवर "काहीतरी सोय करा" म्हटलं की सोयीचं काय ते कंपनी ठरवते. "या नंबरच्या फ्लाइटवर, वेळ बदलल्यामुळे, फरक न आकारता हलवा" असं सांगा. फोनवरच्या पहिल्या माणसाने नकार दिला तर वाद घालू नका, फोन ठेवा आणि पुन्हा करा. वेळ बदलल्यावर फुकट बदलाची मुभा किती, हे कंपनीच्या अंतर्गत नियमांत असतं आणि फोनवरच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना ते सारखं ठाऊक नसतं. एकदा स्वीकार दाबला की मात्र नवी वेळ तुम्हाला मान्य झाली, असंच धरलं जातं.

कायद्याचा आधार कुठवर आहे, तेही माहीत हवं. भारतात कंपनीने फ्लाइट रद्द केली तर प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे पर्यायी फ्लाइट किंवा पूर्ण परतावा द्यावा लागतो. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी तिथल्या परिवहन खात्याचा २०२४ चा नियम आहे: आंतरराष्ट्रीय प्रवास सहा तास किंवा अधिक सरकला (देशांतर्गत तीन), विमानतळ बदलला किंवा कनेक्शनची संख्या वाढली, आणि प्रवाशाने तो बदल नाकारला, तर पैसे परत. नॉनस्टॉप द्यावंच असं तो नियम म्हणत नाही. पण पूर्ण परताव्याचा पर्याय हातात असलेल्या प्रवाशाशी कंपनी जरा नरमाईने बोलते.

अमेरिकेच्या फ्लाइटला आणखी एक मुभा आहे. प्रवासाच्या किमान सात दिवस आधी थेट कंपनीकडे काढलेलं तिकीट २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं (कंपनी त्याऐवजी २४ तास भाडं धरून ठेवत असेल तर गोष्ट वेगळी). तिकीट काढल्या रात्रीच नॉनस्टॉप पुन्हा एकदा बघायचं, ते यासाठी. ट्रॅव्हल साइटवरून काढलं असेल तर ही सवलत साइटच्या मर्जीवर.

चूक: पहिला टप्पा सोडून मधूनच चढणं

"पुणे-दिल्ली सोडतो, दिल्लीहून बसतो" हे चालत नाही. तिकिटाचे टप्पे क्रमाने वापरावे लागतात. पहिल्याला आला नाहीत तर नो-शो (न कळवता गैरहजर) अशी नोंद लागते आणि पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, रद्द होतात.

चूक: चुकीच्या दाराशी भांडणं

तिकीट क्रमांक १३ अंकी असतो. पहिले तीन अंक ते कोणाचं तिकीट आहे हे सांगतात. ०९८ एअर इंडिया, ०१६ युनायटेड, १७६ एमिरेट्स, २२० लुफ्तान्सा. उडवणारी कंपनी दुसरी असली तरी बदल करण्याचा अधिकार सहसा या अंकांच्या मालकाकडे, आणि एजंटामार्फत काढलं असेल तर आधी एजंटाकडे. प्रवासाच्या दिवशीचा, सेम-डे बदल हवा असेल तर बॅग टाकण्याआधी विचारा. बॅगेला जुन्या मार्गाचा टॅग लागला की बहुतेक काउंटर हात वर करतात.

बदल झाला, तरी काम संपलेलं नाही

पीएनआरवर नवी फ्लाइट "कन्फर्म्ड" दिसते, पैसेही कापले जातात, पण तिकीट नव्याने निघालेलं नसतं. सीट राखली गेलेली, तिकीट मात्र जुन्याच फ्लाइटचं. हे काउंटरवर कळलं की धावपळ. म्हणून बदलानंतर नवा १३ अंकी क्रमांक ईमेलवर आलाय का पाहा. काही तासांत आला नाही, तर "तिकीट रीइश्यू झालं का" एवढंच विचारायला पुन्हा फोन करा.

पैसे भरून घेतलेली सीट, जादा बॅग, शाकाहारी किंवा जैन जेवण हे सगळं नव्या फ्लाइटवर आपोआप जात नाही. व्हीलचेअरची विनंतीही नाही. ती प्रवासाच्या किमान ४८ तास आधी नव्या फ्लाइटवर नोंदवून घ्या आणि पायऱ्या चढता येतात की नाही, तेही सांगा, कारण त्यावरून मदतीचा प्रकार ठरतो. आईबाबांचा पीएनआर स्प्लिट केला असेल तर दोन्ही पीएनआर उघडून तपासा. विनंती बहुधा एकावरच राहिलेली असते.