आधार कार्ड पोस्टानं येईना? वाट बघत बसण्याआधी या चुका टाळा

जून महिन्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या पोस्टात थोडा वेळ उभं राहा. "मामा, आमच्या पोरीचं आधार आलं का?" हा प्रश्न कानावर पडणारच. मामा गठ्ठा चाळतात, मान हलवतात, आणि विचारणारा पोस्टाच्या नावानं बोटं मोडत घरी जातो. कॉलेजचा प्रवेश, पीक विमा, लाडकी बहीण, बँकेची केवायसी, सगळीकडं आधार मागतात, तेव्हा जीव टांगणीला लागणारच. पण रागाचा पत्ता बहुतेक वेळा चुकलेला असतो. कार्ड अजून पोस्टापर्यंत आलेलंच नसतं.

केंद्रावर अंगठे दिल्यापासून पाकीट हातात पडेपर्यंत तीन टप्पे आहेत: आधी माहितीची तपासणी, मग छपाई, मग टपाल. जास्त वेळ पहिल्याच टप्प्यात जातो. दुरुस्तीचे बहुतेक अर्ज महिन्याभरात निकाली निघतात, पण मुदत ९० दिवसांपर्यंत जाऊ शकते. १८ वर्षांपुढच्या माणसाची पहिल्यांदाच नोंदणी असेल तर राज्य सरकारच्या पातळीवर वेगळी पडताळणी होते, आणि तिथं १८० दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं. पेरणीच्या वेळी नोंदणी केली आणि पोळ्याला कार्ड नाही म्हणून केंद्रवाल्याशी भांडण काढलं, तर त्यात त्याची काही चूक नसते.

पावती हरवू देणं

आपली गाडी कुठं अडली हे कळायचा एकच धागा म्हणजे केंद्रावर मिळालेली पावती. तिच्यावर वरच्या बाजूला १४ अंकी नोंदणी क्रमांक असतो, आणि सोबत तारीख व वेळ, अगदी सेकंदापर्यंत. ही तारीख-वेळसुद्धा क्रमांकाचाच भाग आहे, दोन्ही मिळून २८ अंक होतात. लोक नुसता पहिला आकडा लिहून घेतात आणि पावती टाकून देतात. पावती हातात पडल्या पडल्या तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. रेशन कार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या कागदावर, नेमक्या घडीवरचेच आकडे पुसट होतात.

पावती गेलीच असेल आणि मोबाईल नंबर आधारला जोडलेला असेल, तर आधारच्या 'मायआधार' या सरकारी साइटवर नाव आणि नंबर टाकून क्रमांक परत काढता येतो. नंबर जोडलेला नसेल तर १९४७ वर फोन करा. तिथं मराठीतून बोलता येतं.

त्याच साइटवर अर्जाची स्थिती बघता येते. क्रमांक टाकल्यावर काय दिसतं ते नीट वाचा. अर्ज प्रक्रियेत असेल तर थांबा. नाकारला असं दिसलं, तर त्या पावतीवर आता काहीही येणार नाही. कारण बघायचं आणि कागदपत्रं घेऊन नव्यानं जायचं. कित्येक घरं नाकारलेल्या अर्जाचीच वाट सहा-सहा महिने बघत असतात, कारण स्थिती कुणी बघितलेलीच नसते.

न येणाऱ्या पत्राची वाट बघणं

नाव, पत्ता, जन्मतारीख किंवा लिंग बदललं तर नवं आधार पत्र, म्हणजे कागदी कार्ड, घरी येतं. नुसता मोबाईल नंबर किंवा ईमेल बदलला तर पत्र येतच नाही, फक्त संदेश येतो. लाडकी बहीण योजनेच्या गर्दीत हजारो बायकांनी मोबाईल नंबर जोडून घेतले. त्यातल्या कुणी अजून "कार्ड कधी येईल" म्हणून विचारत असेल, तर त्यांना हे सांगून टाका. जुनं कार्ड तसंच चालतं, त्यावरचा १२ अंकी क्रमांक बदललेला नाही.

उशीर झाला म्हणून पुन्हा नोंदणी करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कार्ड येईना म्हणून माणूस तालुक्याच्या दुसऱ्या केंद्रावर जातो आणि नव्यानं नोंदणी करून येतो. एका माणसाला एकच आधार मिळतं. बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे आधीच्या नोंदींशी ताडून बघितले जातात, आणि आधी आधार निघालेलं असेल तर दुसरी नोंदणी दुबार म्हणून बाद होते. लहानपणी शाळेत शिबिरात आधार काढलं होतं हे कुणाला आठवत नाही, आणि अठराव्या वर्षी पुन्हा नोंदणी होते. असा संशय असेल तर आधी जुना क्रमांक शोधा, नवी नोंदणी नको.

पत्ता, आणि त्यातही पिनकोड

टपालात जी पाकिटं खरोखर हरवतात, त्यातली बरीच पत्त्यापायी. आणि इथं आपल्या मराठवाड्याची स्वतःची अशी एक भानगड आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड आणि बीड या जिल्ह्यांच्या बहुतेक भागाचा पिनकोड ४३१ नं सुरू होतो. लातूर आणि धाराशिव ४१३ नं. बीडमधलीच आष्टी तर ४१४ मध्ये मोडते. आता हे दोन पिनकोड शेजारी ठेवून बघा: अंबाजोगाईचा ४३१५१७ आणि उदगीरचा ४१३५१७. दुसरा आणि तिसरा आकडा उलटसुलट झाला की अंबाजोगाईचं पाकीट उदगीरला जातं. घाईत टाइप करणाऱ्या ऑपरेटरकडून ही चूक सहज होते, आणि आपण पावती न वाचता सही करून मोकळे होतो.

दुसरी गोम "मु. पो." मध्ये आहे. आपल्याकडं सवयीनं प्रत्येक गावापुढं मु. पो. लावतात. पण वाडी-तांड्यावर पोस्ट नसतं, ते दोन कोसांवरच्या मोठ्या गावात असतं. मुक्काम वेगळा आणि पोस्ट वेगळं, तर तसंच सांगायचं: मु. अमुक तांडा, पो. तमुक गाव. त्यात पिंपळगाव, वडगाव, पिंपरी अशी नावं तर जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडतात. यादीतून गाव निवडताना दुसऱ्या तालुक्यातलं त्याच नावाचं गाव पडलं, की पाकीट पाहुण्यांच्या गावाला जाऊन परत फिरलंच समजा. ऑपरेटर स्क्रीन दाखवतो तेव्हा मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी वाचा. वाचता येत नसेल तर वाचणारं कुणीतरी सोबत न्या.

जुन्या कार्डावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेलं आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. पिनकोड बरोबर असला की पाकीट पोचतं. तेवढ्यासाठी दुरुस्तीच्या रांगेत उभं राहणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही घालवणं आहे.

लग्न होऊन आलेल्या सुनांचं एक वेगळं आहे. सासरच्या पत्त्याचा स्वतःच्या नावावर कागद नसतो, म्हणून कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून ऑनलाइन पत्ता बदलतात. सोय चांगली आहे. पण प्रमुखानं ३० दिवसांच्या आत मायआधारवर संमती द्यावी लागते. प्रमुखाच्या मोबाईलवर संदेश येतो, तो कुणी उघडत नाही, मुदत संपते, अर्ज बंद होतो आणि भरलेले पैसेही परत मिळत नाहीत. अर्ज केल्याच्या संध्याकाळीच संमती देऊन टाका.

घराला कुलूप असताना कार्ड मागवणं

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातली किती घरं दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात, हे वेगळं सांगायला नको. निघण्याच्या तोंडावर केलेल्या दुरुस्तीचं पत्र नेमकं फडावर असताना गावी येतं. साधं पत्र साध्या टपालानं येतं. त्यावर सही लागत नाही आणि ते कुठवर आलं हे शोधायची सोयही नाही. म्हाताऱ्या आईबापांकडं किंवा शेजारी निरोप ठेवा, पोस्टमनला जाऊन सांगून या. गावातल्या माणसाला पोस्टमन ओळखतो, हा आपल्याकडचा मोठा फायदा आहे, तो वापरा.

कारखान्याच्या पत्त्यावर कार्ड मागवू असं म्हणाल, तर ते जमत नाही. पत्र असो की प्लास्टिकचं कार्ड, ते आधारमध्ये नोंदलेल्या पत्त्यावरच जातं.

पीव्हीसी कार्डाची घाई

पाकिटात ठेवायचं प्लास्टिकचं, म्हणजे पीव्हीसी कार्ड २०२० पासून ऑनलाइन मागवता येतं. हे स्पीड पोस्टानं येतं. मागणी केल्यावर साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत ते छापून टपाल खात्याकडं दिलं जातं, आणि मग संदेशातून मिळालेल्या क्रमांकावरून पाकीट कुठं आहे ते बघता येतं. म्हणजे पत्र हरवल्यासारखं वाटत असेल तर हाच मार्ग बरा.

पण पत्त्याची दुरुस्ती अजून प्रक्रियेत असताना पीव्हीसी मागवलं, तर जुना पत्ता छापून जुन्याच पत्त्यावर जातं. आधी दुरुस्ती मंजूर होऊ द्या, मग मागवा. शुल्क साइटवर दिसतं तेवढंच भरा. बाजारातल्या दुकानात प्लास्टिकवर छापून घेतलेलं कार्ड आधार देणारं प्राधिकरण मान्य करत नाही, आणि आपली सगळी माहिती दुकानदाराच्या संगणकात राहते ती वेगळीच.

कागदासाठी काम अडवून ठेवणं

आधार तयार झालं की पत्राची वाट बघायची गरजच उरत नाही. साइटवरून उतरवून घेतलेलं ई-आधार हे छापील पत्राइतकंच कायदेशीर आहे. कुठल्या कार्यालयात "मूळ कार्ड आणा" म्हणून परत पाठवलं, तर हे शांतपणे सांगा. फाईल उघडायला पासवर्ड लागतो, तिथं बरेच जण अडतात: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि पुढं जन्मसाल. नाव गोदावरी आणि साल १९८७ असेल तर जी, ओ, डी, ए आणि लगेच १९८७, मध्ये जागा सोडायची नाही.

खरी अडचण ओटीपीची, तो आधारला जोडलेल्या मोबाईल नंबरवरच येतो. नोंदणीच्या वेळी मुकादमाचा, पुतण्याचा, नाहीतर केंद्रवाल्याचाच नंबर दिलेला असतो, किंवा रिचार्ज न केल्यानं नंबर बंद पडून दुसऱ्या कुणाला गेलेला असतो. नवा नंबर जोडायला कागदपत्रं लागत नाहीत, फक्त बोटाचा ठसा लागतो, म्हणून स्वतः केंद्रावर गेलं की काम होतं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सुविधा असलेल्या पोस्टमनकडूनही हे काम घरबसल्या होतं. ज्या मामांना रोज "आलं का" म्हणून विचारता, त्यांनाच एकदा "मामा, नंबर जोडून देता का" असं विचारून बघा.